प्रॅक्टिसची दारू

पद्मजा टिकेकरचा एक विनोद होता आणि तो तिने अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एकूण एक मराठी घरांत करून झाला होता. कुणाकडे जेवणं असायची, बाहेर गुडघाभर बर्फ, आत भाताची पातेली आणि कोटांचा ढीग. कुणीतरी विचारायचं, "चारुदत्तराव दिसत नाहीत ते?" की पद्मजा चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगायची, "हे ना? हे तळघरात बसलेत. दारू भरतायत."

नवा माणूस चपापायचा. जुने आधीच हसायला लागलेले असायचे. मग ती ठरलेला खुलासा करायची, "अहो, बंदुकीची! रायफलची दारू!" आणि सगळं घर खदखदून हसायचं. विनोद काही फार थोर नव्हता, पण परदेशात माणूस असल्या घरच्या शब्दांवर जगतो, आणि पद्मजाला लोकांना हसवायची हौस होती.

खुलासा तेव्हा खरा होता. चारुदत्त सांगलीला कॉलेजात असताना एन.सी.सी.त नेमबाजीत पहिला यायचा. इथे मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिझाइन विभागात तो लागला आणि तिथल्याच हॅरॉल्ड नावाच्या सहकाऱ्याने त्याला रायफल क्लबात नेलं. घरात झुरळ मारायचं म्हटलं तरी बायकोला हाक मारणारा हा माणूस तीनशे यार्डांवरच्या कागदाला मात्र नेमकं मध्यभागी भोक पाडायचा. सरावाला काडतुसं खूप लागतात आणि दुकानातली तयार काडतुसं परवडत नाहीत. म्हणून क्लबातले सगळेच करायचे तसं तोही करायचा. उडवलेल्या पितळी नळ्या गोळा करून आणायच्या, साफ करायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. त्यासाठी तळघरात, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागच्या खोलीत, त्याने टेबलाला लोखंडी दाबयंत्र, म्हणजे प्रेस, ठोकलं होतं. त्या खोलीला एकच नियम होता, तो मुलीला आणि बायकोला सारखाच लागू होता. डब्यांना हात लावायचा नाही. ठिणगी पडली तर घर जाईल.

मग ब्याऐंशीच्या जानेवारीत कंपनीने अख्खा डिझाइन विभाग घरी पाठवला. हॅरॉल्ड दुसरीकडे चिकटला, साहेबही झाला. चारुदत्तने पहिले काही महिने अर्ज केले, टाय बांधून इंटरव्ह्यूला गेला आणि टाय सोडत परत आला. मग अर्ज थांबले. पद्मजाने बँकेत डेटा-एंट्रीचं काम धरलं. घरात बोलणं इतकं कमी झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा.

एकाच विषयावर चारुदत्त अजून बोलायचा, तो म्हणजे दारू. जेवताना तो आपण होऊन सुरू करायचा. पूर्वी वापरायचो ती आता परवडत नाही, प्रॅक्टिसला इतकी चांगली हवीच कशाला? सैन्याची उरलेली दारू मोठ्या पुठ्ठ्याच्या पिंपातून मिळते, ती स्वस्त पडते. पण ती सावकाश जळते, म्हणून एकेका नळीला जास्त लागते. म्हणजे वजनाला स्वस्त आणि बाराला, एकेका गोळीमागे, महाग. दुसरी एक आहे, खसखशीसारखी गोल दाण्यांची. ती मापातून सरसर पडते, पण रायफलच्या नळीत काजळी फार धरते. तिसरी शेवेच्या बारीक तुकड्यांसारखी. ती स्वच्छ जळते, पण मापात अडकते. असं त्याचं चालायचं, आणि पद्मजा आमटी गार होईपर्यंत ऐकायची. तिला त्यातलं काय पडलं होतं? तिला नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. ज्या माणसाला कुठली दारू घ्यावी याची इतकी काळजी आहे त्याला पुढचा दिवस हवा आहे, असं तिने मनाशी धरलं होतं आणि त्या एका गोष्टीवर तिने सगळा भार टाकला होता.

भार टाकायला आणखी एक कारण होतं. गेल्या शरदात हॅरॉल्ड फोनवर म्हणाला होता, एप्रिलच्या क्लबाच्या मॅचला नक्की ये चार्ली, वसंतात आमच्याकडे जागा निघतायत, तिथे निवांत बोलू. त्या फोनपासून पद्मजा एप्रिलची वाट बघत होती. नेम लागला की माणसाची मान आपोआप वर होते, आणि मान वर असली की लोक नोकरी देतात, असा तिचा साधा हिशेब होता.

तळघरातून मधूनमधून आंबूस वास वर यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा तिने विचारलं होतं. चारुदत्त म्हणाला, "ती स्वस्तातली आणली ना, जुनी होती. दारू बिघडली की आंबट वास मारते." हे खरंच आहे, बंदुकीची दारू उतरली की तिला आंबट वास येतो. पद्मजाचा जीव भांड्यात पडला. पंधरा वर्षांची उत्तरा एकदा जिन्याच्या तोंडाशी नाक मुरडून उभी राहिली, तेव्हा पद्मजाने तिलाही तेच ऐकवलं. "अगं, बाबांची दारू आहे ती. स्वस्तातली आहे म्हणून वास येतो." उत्तराने आईकडे विचित्र बघितलं आणि "ओके, आई" म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. हल्ली ती मैत्रिणींना घरी आणायची नाही, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांनाही यायची नाही. अमेरिकेतल्या मुली या वयात अशाच करतात, असं सुचित्रा म्हणाली होती. सुचित्रा पद्मजाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, तेव्हा पद्मजाने ते मानलं.

मार्चातल्या एका शनिवारी चारुदत्त नेहमीसारखा रायफलची लांब पेटी घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेला आणि पद्मजाने गाडी तो दारू आणायचा त्या जॉन आर रोडवरच्या दुकानाकडे घेतली. त्याची आवडती दारू आणायची, त्या शेवेसारख्या तुकड्यांची, आणि एप्रिलच्या मॅचसाठी म्हणून त्याच्या हातात ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. कोटाखाली साडी नेसून बंदुकांच्या दुकानात शिरणारी बाई त्या म्हाताऱ्या दुकानदाराने कधी पाहिली नसावी. त्याला वाटलं, पत्ता चुकली. त्याने अदबीने आधी स्वस्तातली दाखवली. पद्मजा इंग्रजीत म्हणाली, "ही नको. पौंडाला स्वस्त आहे, पण बाराला महाग पडते. ती दुसरी काजळी धरते. मला ती द्या, वरच्या फळीवरची."

म्हातारा खूश झाला. "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या नवऱ्याने. तुम्ही ओळखता त्याला. चार्ली टिकेकर."

"चार्ली!" तो म्हणाला. "कसा आहे चार्ली? ऑक्टोबरात त्याची रायफल आणि प्रेस मी घेतली, त्यानंतर दिसलाच नाही. रायफल लगेच गेली. फार जपून वापरली होती त्याने."

पद्मजा म्हणाली, "काहीतरी घोटाळा होतोय. तो आज रेंजवर गेलाय. तो रोज पावडर भरतो."

पावडर. इंग्रजीत हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला तो ऐकू आला. मराठीत ती इतकी वर्षं ज्या एका शब्दाच्या आडोशाला उभी होती, तो आडोसा इथे नव्हता. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतला एक तिच्या घरातून ऑक्टोबरातच गेलेला होता. म्हातारा काउंटर पुसायला लागला, पुसायची गरज नसताना. मग हळूच म्हणाला, "डबा परत ठेवू का, मॅडम?"

"नको, द्या," ती म्हणाली. रिकाम्या हाताने तिथून बाहेर पडायची तिला लाज वाटली.

घरी आल्यावर ती कोट न काढता खाली गेली. फर्नेसच्या मागच्या खोलीत टेबलावर जिथे यंत्र असायचं तिथे बोल्टांची चार भोकं होती. फळीवर डबे नीट ओळीत होते, त्यांच्यावर धूळ होती. फक्त जमिनीवरच्या पुठ्ठ्याच्या पिंपावर धूळ नव्हती. त्या पिंपाला तिने जन्मात हात लावला नव्हता, ठिणगी पडेल म्हणून. तिने झाकण उघडलं. आत व्होडकाच्या बाटल्या उभ्या होत्या, सगळ्यात हलक्या प्रतीच्या, आणि त्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून मध्ये आंबूस वास मारणारा टॉवेल खोचलेला होता. टॉवेल तिच्याच लग्नातल्या आहेरातला होता. इतका व्यवस्थितपणा बघून तिला रडू फुटलं.

मागे जिन्यावर उत्तरा उभी होती.

"उत्तरा, तू वर जा," पद्मजा घाईने झाकण लावत म्हणाली. "बाबांचं सामान आहे हे."

"आय नो व्हॉट इट इज, आई."

"तुला माहीत होतं? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

उत्तरा गोंधळली. खरोखरच गोंधळली. "तुला काय सांगायचं? यू टेल एव्हरीबडी! प्रत्येक पार्टीत. बाबा खाली बसलेत, दारू भरतायत. अँड यू ऑल लाफ. आय थॉट यू डिडन्ट केअर." ती जिन्याची एक पायरी मागे सरली. "आय हेटेड यू फॉर इट."

इथे वाढलेल्या त्या पोरीला दारूचा एकच अर्थ ठाऊक होता. पद्मजाला समजावून सांगायचं होतं, अगं, आपल्या भाषेत बंदुकीच्या पावडरीलाही दारूच म्हणतात. पण आता त्याचा उपयोग काय होता? दोघींत खरं मराठी मुलीलाच येत होतं.

चारुदत्त दुपारी आला. लांब पेटी त्याने दाराशी टेकवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा होता आणि समोर पद्मजा बसली होती. त्याने डबा उचलला, लेबल वाचलं, अंगठ्याने पुसलं. क्षणभर त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला.

"ही कशाला आणलीस? प्रॅक्टिसला स्वस्तातली चालली असती."

"एप्रिलच्या मॅचसाठी," ती म्हणाली. "अहो, आज मला दाखवा ना, कशी भरतात ती. इतकी वर्षं नुसती ऐकतेय."

याहून मोठं दार तिला उघडता येत नव्हतं. तो बोलेल म्हणून ती थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या अंगावर अजून असलेल्या कोटाकडे पाहिलं, कोटाच्या बाहीला लागलेल्या तळघरातल्या धुळीकडे पाहिलं. त्याला कळलं. त्याला कळल्याचं तिलाही कळलं.

"आज नको," तो म्हणाला. "हात थरथरतायत थंडीने. उद्या बघू." आणि डबा काखेत धरून तो तळघराचा जिना उतरला. खालचं दार लागल्याचा आवाज आला.

पद्मजाने दाराशी ठेवलेली पेटी उचलून पाहिली. एका हाताने उचलली गेली. ती घेऊन तो दर शनिवारी कुठे बसून येत होता, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सुचित्रा होती. पाडव्याच्या कार्यक्रमाला श्रीखंड कुणी करायचं, हॉल कधी उघडणार, तिचं भराभर चाललं होतं. उत्तरा जिन्याच्या कठड्याशी येऊन उभी राहिली आणि आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

"आणि चारुदत्तरावांना खुर्च्या लावायला धाड गं जरा लवकर," सुचित्रा म्हणाली. "आहेत कुठे ते?"

"हे खाली आहेत," पद्मजा म्हणाली आणि थांबली.

"दारू भरतायत!" सुचित्रानेच वाक्य पुरं केलं आणि ती फोनवर मनमुराद हसली.

"हो," पद्मजा म्हणाली.