यंदाच काहून

मारोतराव गुरुजींनी पुढे सरकवलेली खुर्ची डोमाजीने पायानेच मागे लोटली. ती भिंतीवर आदळली, तसं शेजारच्या बालवाडीत चाललेलं गाणं बंद पडलं.

"बसा तर खरं," गुरुजी म्हणाले.

"इथं बसून काय करू? इथं कोन पाहून राह्यलं मले?"

डोमाजी कोणत्या खुर्चीबद्दल बोलतो आहे, ते बोरी अरब गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संस्थेच्या या शाळेत दरसाल निकालाच्या दिवशी चौथीत पहिल्या आलेल्या मुलाच्या बापाला मंचावर बसवत. तेही संस्थेचे अध्यक्ष, अडतवाले शेठजी, यांच्या खुर्चीला खुर्ची लावून. गळ्यात हार, हातात नारळ आणि समोर सगळं गाव. आजवर तिथे पाटील बसले, कापसाचे व्यापारी बसले, एकदा पोस्टमास्तर बसले. यंदा कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहणारा डोमाजी बसणार होता, कारण त्याची नलू पहिली आली होती. पेपर तपासून झाल्यावर गुरुजींनी स्वतःच भर बाजारात त्याला थांबवून ही बातमी दिली होती. डोमाजीने सदरा शिवायला टाकला. त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, आख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं, माहेरी सांगावा धाडला. आणि काल संध्याकाळी निरोप आला की यंदापासून नंबर बंद.

गुरुजी त्याला समजावू लागले. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. वर्ध्याला बालशिक्षणाचे धडे घेऊन आलेला हा माणूस. त्यांच्या शाळेत छडी नव्हती. पोरं गोल करून बसत, आळीपाळीने वर्ग झाडत, वाफ्यातल्या मेथीला पाणी घालत. कुणाच्या डब्यात भाकर, कुणाच्या डब्यात पुरी, पण खायला सगळी एका सतरंजीवर. शेठजींचा नातू आणि नलू एका पाटीवर गणितं सोडवत. डोमाजी स्वतः दुसऱ्या एका शाळेत दाराबाहेर बसून दुसरीपर्यंत शिकला होता. म्हणून तर त्याने हट्टाने नलूला इथे घातलं होतं.

नंबर लावला की एक मूल फुगतं आणि बाकीची कोमेजतात, असं गुरुजींचं म्हणणं. मूल म्हणजे काही बाजारातला बैल नव्हे, भाव ठरवायला. बोलता बोलता त्यांना हुरूप आला.

"आपल्या शाळेत समता आहे, डोमाजी. कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

हा शब्द कानावर पडला आणि डोमाजीचं डोकंच फिरलं. दीक्षेला नागपूरला गेला होता, तेव्हा हा शब्द तो तिथून घरी घेऊन आला होता. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि त्यांच्या जागी त्याने हाच एक शब्द ठेवला. आता कोणी तोच त्याच्या तोंडावर मारत होतं.

"पाटलाचं पोट्टं पयलं आलं तवा कुठं गेलती तुमची समता?" तो म्हणाला. "पोस्टमास्तर बसला तवा कुठं गेलती?"

आता गुरुजीही चिडले. ही कल्पना शेठजींची नाही, आपली स्वतःची आहे, असं ते टेबलावर हात आपटून म्हणाले. शाळा निघाली तेव्हापासून दरसाल संस्थेच्या बैठकीत ते ती मांडत आले होते आणि दरसाल शेठजी ती हसण्यावारी नेत होते. यंदा मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एका शब्दात मंजूर केली.

"मी त्या दिवशी घरी पेढे नेले, डोमाजी. खोटं वाटत असेल तर आमच्या घरी विचारा."

डोमाजीचा आवाज एकदम खाली आला.

"दरसाल सांगत होते तुमी?"

"दरसाल."

"मंग त्यायनं यंदाच काहून ऐकलं?"

शेठजींचा नातू दुसरा आला होता. बैठकीत निकाल गुरुजींनीच वाचून दाखवला होता, पहिलं नाव बापाच्या नावासकट घेतलं होतं, आणि त्यानंतर लगेच आपला नेहमीचा विषय काढला होता. ते हळूच त्या लोटलेल्या खुर्चीत बसले. डोमाजी उत्तरासाठी थांबला नाही.

घरी रुखमाबाई शेठजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. नलू दारात चिंचोके खेळत होती.

"बाबा, तुमी काहून चिडता? आमच्या शाळेत कोनी पयलं नसते," ती म्हणाली. "गुरुजी म्हनतात, सारे सारखेच."

डोमाजीचा हात उठला. पोरीवर त्याने कधी हात उचलला नव्हता, तो त्याने तसाच खाली घेतला. हिला राग कसा येत नाही, याचाच त्याला राग आला होता.

गुरुजी तेवढ्यात शेठजींकडे जाऊन आले. एवढ्या सालापुरता नंबर राहू द्या, पुढच्या साली बंद करू, असं त्यांनी हात जोडून म्हणून पाहिलं. शेठजींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, समता आम्हाला तुम्हीच शिकवली. आता तुम्हीच मोडता का?"

निकालाच्या दिवशी मंचावर फक्त संस्थेच्या लोकांच्या खुर्च्या होत्या. डोमाजी नवा सदरा घालून आला होता. सतरंजीवर जागा होती, पण तो बसला नाही. मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. गुरुजींनी जाहीर केलं की यंदापासून या शाळेत नंबर नाही, प्रत्येक मुलाला सारखाच एकेक लाडू मिळेल. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात शेठजींनी वाजवल्या.

मग गुरुजींनी पहिलं नाव पुकारलं. "नलू डोमाजी मनवर."

हजेरीत ती मधेच कुठे तरी यायची, उंचीनेही मधलीच. टाळ्यांमध्ये ती मंचावर चढत असताना गुरुजींनी खांबाकडे पाहिलं. समजून घ्या, असं त्यांचे डोळे म्हणत होते. डोमाजीला ते तत्काळ समजलं आणि त्याच्या अंगाची आग झाली. शेठजींना पत्ता लागू न देता दिलेला हा मान. लहानपणी मागच्या दाराशी उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतायचे, तसा. आणि वर या माणसाला त्याबद्दल आपल्याकडून मान डोलावून हवी होती.

"गुरुजी," तो म्हणाला. ओरडला नाही, पण मंचापर्यंत ऐकू गेलं. "नंबर कितवा?"

टाळ्या थांबल्या. शेठजी गुरुजींकडे वळले. गुरुजींनी हातातला लाडू घाईघाईने नलूपुढे धरला.

नलूने पुढे केलेला हात मागे घेतला आणि मान वर करून त्यांना विचारलं, "कितवा, गुरुजी?"