कोकरू धरावं तसं

करवंदाच्या जाळीत सगुणाच्या पापणीत काटा मोडला, तेव्हा कोंडाबाई मेंढरं वळवत होती. तीन वर्षांची नात नजरेआड झाली ती तेवढ्यातच. हिर्डोशीहून बैलगाडी भोरला पोचेस्तोवर सून साळूबाई सासूला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कोंडाबाईला वाटत राहिलं.

दवाखान्यात पोरीला टेबलावर निजवलं. कंपाउंडरनं पाय धरले, साळूबाईनं हात. चिमटा जवळ आला की पोर अंग धनुकलीसारखं ताणायची, डोकं हिसडायची. डॉक्टर दोनदा मागं सरले. म्हणाले, काटा बुबुळाला लागून आहे, जरा हलली तर डोळा जाईल. आणखी दोन माणसं बोलवा.

दाराशी उभी कोंडाबाई आत आली. कोकराची पहिली लोकर उतरवताना तिनं कधी दुसऱ्या माणसाला हाक मारली नव्हती.

"चौघांनी दाबलं की कोकरू उसळतंय, डागदर. म्या घेते मांडीत. पर तुमाला खाली बसावं लागंल."

कंपाउंडर हसला. डॉक्टर मात्र चिमटा घेऊन खाली बसले.

तिनं नातीची पाठ आपल्या पोटाशी टेकवली, हात घोंगडीत गुंडाळले, पाय आपल्या पायांत अलगद अडकवले. नाक मोकळं, छाती मोकळी. कपाळावर तळवा ठेवला. आई दिसावी म्हणून सुनेला समोर बसवलं. मग पोरीच्या कानात खरं तेच सांगितलं, टोचेल, पण एकदाच.

आणि कोंडाबाई स्वतः सावकाश श्वास घेऊ लागली, दुपारी कळप रवंथाला बसतो तसा. घोंगडीला धुराचा वास होता. पोरीचा श्वास आधी अडखळला, मग आजीच्या श्वासामागून चालू लागला, पायवाटेनं मेंढरामागं मेंढरू जावं तसा. भिंती कुठं गेल्या कळेना. वरंधा घाटाकडचं धुकं आत आलं, की पोरीला घेऊन तीच धुक्यात गेली?

काटा निघाला. डॉक्टरांनी बोट हलवलं. दोन्ही डोळे त्याच्यामागं फिरले, मग हळूच मिटले.

कोंडाबाईचे पाय बधिर झाले होते, तरी ती उठेना. साळूबाई सरकत जवळ आली.

"आत्याबाई, माज्या मांडीत द्या की. कसं धरायचं ते मला बी कळूं द्या."

"देते. आदी तुजा श्वास सावकाश होऊं दे."

साळूबाई सासूच्या श्वासामागून श्वास घेऊ लागली. बऱ्याच वेळानं पोर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेली. तिला जाग आली नाही.