आतली कातडी

रंगाऱ्यांच्या त्या घरात शिड्या, ब्रश आणि गोळ्या सामाईक होत्या. त्यामुळे धाकट्याच्या पायाचा अंगठा सुजला तेव्हा थोरल्याने आपल्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोठ्या मनाने त्याला दिल्या. "एकाच आईची पोरं आपण. मला चालल्या, तुला का नाही चालणार?"

नाही चालल्या. आधी ताप, मग तोंडात फोड, मग धाकट्याची कातडी ओल आलेल्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून निघाली. थोरल्याने जन्मभर भिंती खरवडल्या होत्या. भावाच्या पाठीकडे मात्र त्याला बघवेना. एवढं होऊनही धाकट्याने अबोला धरला नाही, यावरच तो दिवस ढकलत होता.

हॉस्पिटलात हळूहळू नवी कातडी आली. गुलाबी, गुळगुळीत. "फिनिशिंग झकास आलंय," भेटायला आलेले त्यांचे मामा म्हणाले. घरी सोडायची भाषा सुरू झाली.

सोडायच्या आदल्या दिवशी धाकट्याने थोरल्याला जवळ ओढलं. "दादा, पोट बिघडलंय. रक्त पडतंय. बोलू नकोस, नाहीतर हे ठेवून घेतील. तुझ्याकडे जुलाब बांधायची गोळी असते ना? दे."

असणारच. थोरल्याचा खिसा म्हणजे फिरतं औषधांचं दुकान. हात खिशात गेलाही. पण सहज त्याने खाटेखालच्या भांड्यात डोकावलं. रक्तात पांढुरके पापुद्रे तरंगत होते. पापुद्रे त्याला कळत.

"सिस्टर!" तो असा ओरडला, की समोरच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले.

"गद्दार," धाकटा म्हणाला. "कातडी घेतलीस, आता सुट्टीपण घे."

जे बाहेर झालं तेच आतड्याच्या अस्तराला झालंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "फार क्वचित होतं."

"क्वचित म्हणजे?"

"मी तरी पहिल्यांदाच बघतेय."

त्या घराण्याला आजवर सोडतीत साधी बादलीसुद्धा लागली नव्हती.

संध्याकाळपर्यंत पोट फुगून दगड झालं. आतडं फाटलं होतं. स्ट्रेचरसोबत धावत थोरला म्हणाला, "बोल ना रे. निदान शिव्या तरी दे." धाकट्याने तोंड फिरवलं.

टेबलावरच तो गेला. टाका धरायला आत धड जागाच उरली नव्हती.

"तुम्ही ओरडला नसतात, तर घरीच प्राण गेला असता," बाई समजुतीने म्हणाल्या.

थोरल्याने मान डोलावली. म्हणजे माझ्याशी बोलत बोलत गेला असता, एवढंच त्याला कळलं.