टेबलावरचा हिरवा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो, आणि माझ्या बुडाला चांगला मोठा पोचा आहे. माझा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे, पण झाकण अजून असं घट्ट बसतं, की नव्या थर्मासांनी लाजावं. आपली आरती आपणच ओवाळू नये म्हणतात. पण थर्मासाची आरती दुसरं कोण ओवाळणार?

एकात एक अशी दोन पोलादी भांडी बसवून मधली हवा काढून घेतली, की आमचा जन्म होतो. आत घालाल ते जसंच्या तसं ठेवायचं, एवढंच आमचं काम. आत काय घातलंय याची चौकशी आम्ही करत नाही.

मला एका लिफ्ट-मिस्त्रीच्या बायकोने विकत घेतलं. ती रोज सकाळी माझ्यात चहा भरायची, झाकण स्वतः पिळून लावायची आणि मला डब्याशेजारी पिशवीत ठेवायची. दुपारी मिस्त्री बंद लिफ्टच्या टपावर बसून आपल्या जोडीदाराबरोबर तो चहा प्यायचा. मिस्त्रीचा हात कसबी होता. नुसत्या आवाजावरून तो लिफ्टचं दुखणं ओळखायचा. लिफ्ट सुरू झाली की माणसं घाईघाईने आत शिरायची, आभार कुणी मानायचं नाही, तरी हा खूश असायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मिस्त्री दारू प्यायचा. आधी कामानंतर मित्रांबरोबर, मग घरी एकटा, मग कामाला निघण्याआधी. एके दिवशी त्याने कामाच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मोरीत माझ्यातला चहा ओतला आणि बाटली माझ्यात रिकामी केली. कामावर बाटली नेता येत नाही, थर्मास नेता येतो. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. इथे भांडं सगळ्यांसमोर होतं, फक्त आतलं ताक बदललं होतं. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी तो मला साबणाने घासून धुवायचा आणि लवंग चघळत घरी जायचा. बायको म्हणायची, "एवढा लख्ख थर्मास कुणाचा नवरा आणतो?" मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

तो पितो हे तिला ठाऊक होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण तीही झाकत होती. तो कामावर गेला नाही की साहेबांना फोन करून सांगायची, "पोट बिघडलंय त्यांचं." सासूला सांगायची, "काम जास्त आहे हल्ली." मुलीने विचारलं, "बाबा, तुमचे हात का थरथरतात?" तर तो म्हणाला, "थंडी वाजतेय गं." तेव्हा पंखा चालू होता.

मग एकदा त्या थरथरत्या हातातून मोठा पाना निसटला. मी टपावर आडवा पडलो होतो. तो माझ्या बुडावर आपटला आणि खाली, वाकून काम करणाऱ्या जोडीदाराच्या खांद्याला घासून गेला. जोडीदार वर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. "साहेबांना मीच सांगणार आहे," तो म्हणाला. "पाया पडलास तरी सांगणार." साहेबांनी मिस्त्रीला कामावरून काढलं नाही, पण उपचार घेतल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, असं बजावलं.

बायको औषधांच्या दुकानात हात थरथरण्यावर गोळी मागायला गेली. नवरा पितो का, एवढं विचारून दुकानातल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"ताई, याला गोळी नाही पुरायची. मागच्या गल्लीत वाचनालयाच्या वर दर बुधवारी दारू सोडलेली माणसं जमतात. माझा भाऊ जातो तिथे. त्यांना घेऊन जा."

"ओरडतील का हो त्यांना?"

"ओरडून सुटत असती, तर माझा भाऊ आईच्या ओरडण्यानेच सुटला असता."

त्या बुधवारी मिस्त्री निघाला, पण सवयीने माझ्यासकट. काम बंद असलं, तरी बायको सकाळी चहा भरतच होती. तो त्याने गुपचूप ओतून माझ्यात दारू भरली होती. जिना चढण्याआधी एक घोट लागेल, असं त्याला वाटत होतं. पण बायको शेजारीच होती, त्यामुळे तो घोट राहून गेला.

तिथली रीत अशी होती, की प्रत्येकाने घरून चहा आणायचा, सगळे थर्मास मधल्या टेबलावर ठेवायचे आणि आपला कप आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. ते पाहून बायकोला हायसं वाटलं. "आम्हीपण आणलाय!" म्हणत तिने मला पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मिस्त्रीचा चेहरा उतरला.

तेव्हा तिथले जुने सदस्य शिंपीकाका बोलत होते. त्यांनी कित्येक वर्षांत थेंब घेतला नव्हता. "आजही एक घोट पोटात गेला, तर मी थांबणार नाही. मी मला ओळखतो," ते सांगत होते. त्यांना सर्दी झाली होती, नाक पार चोंदलं होतं. बोलणं संपल्यावर शेजाऱ्याने मला उचललं, काकांकडेच बघत त्यांचा कप भरला आणि त्यांनी तो तोंडाशी नेला.

"काका, पिऊ नका!" मिस्त्री ओरडला. त्याची खुर्ची मागे पडली. "त्यात चहा नाहीये."

काकांनी कप हळूच खाली ठेवला. बायको म्हणाली, "असं कसं? मी सकाळी भरलाय."

"मी ओतून देतो तो."

"आज?"

"रोज."

तिने मला जवळ ओढलं. "मग मी रोज उठून कुणासाठी करत होते?" ती म्हणाली आणि रडू लागली. मिस्त्रीही रडला.

शिंपीकाका म्हणाले, "बस बाबा. पहिल्या दिवशी एवढं खरं इथे कुणी बोललं नाही. मी तर शेजाऱ्याला सोबत म्हणून आलोय, असं सांगितलं होतं. पण आता घरच्या घरी एकदम बंद करू नकोस. रोज पिणाऱ्याला तसं केलं तर झटके येतात. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर."

मिस्त्री दवाखान्यात राहिला. बायको पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी असते त्या बैठकीला जाऊ लागली आणि तिने खोटे फोन बंद केले. मधे एकदा त्याचा पाय घसरला, तो पुन्हा प्यायला. पण त्याने ते स्वतः घरी सांगितलं आणि बुधवारी पुन्हा जिना चढला. मी त्या काळात फळीवर धूळ खात होतो. तो पुन्हा कामावर रुजू झाला, तेव्हा तिने मला खाली काढलं.

मित्रांनो, तुमच्या घरात असं कुणी असेल, तर लाजून गप्प बसू नका. डॉक्टर, शिक्षक, औषधांच्या दुकानातल्या बाई, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना सांगा. दारू सोडवणं हे मुलांचं काम नाही, पण मदत मागणं कुणालाही जमतं. झाकण घट्ट लावून ठेवणं थर्मासाला शोभतं, घराला नाही.

हल्ली मिस्त्री संध्याकाळी माझ्यात थोडा चहा राखून आणतो. घरी आला की झाकण उघडून मला आधी बायकोपुढे धरतो. ती वास घेते. त्याला राग येत नाही. मग ती दोन कप काढते.