सत्काराचा माईक

मी एक जुना माईक आहे. माझी वायर मानेपाशी सैल झाली आहे. बोलता बोलता मध्येच तुटलो तर मित्रांनो, उठून जाऊ नका.

मी कोल्हापुरात आलो तो परदेशी मदतीतून. भाग्यश्रीताई आणि धैर्यशीलदादा हे दोघे पत्रकार गावोगावच्या बातम्या माझ्यात बोलून घेत आणि लोकांच्या मोबाइलवर पाठवत. कुठल्या पुढाऱ्याची जाहिरात नाही, कुणाची भीडही नाही. मी चंदगडच्या पावसात भिजलो, जयसिंगपूरच्या बाजारात धूळ खाल्ली. लोक म्हणत, "आपल्या बोलीत बातमी हाय की!" माझं जाळीचं डोकं ताठ होई.

मग दूरदेशीच्या सरकारनं मदत बंद केली. ऑफिसची भाड्याची खोली सुटली. दादा विमा कंपनीत लागला. मी एका पिशवीत

खर्रर्र

पिशवीत पडलो. ताई मात्र थांबली नव्हती. कारखानदार हंबीररावांच्या सांडपाण्यानं एका गावचा ओढा काळा झाला होता. ती बातमी जुळवत होती. तोच हंबीरराव घरी आले.

"परदेशी पावणं पळालं, ताई. आमी हाय की! खोली, पगार, समदं बघतो. फकस्त त्या ओढ्याचं तेवढं ऱ्हाऊ दे."

ताईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. हंबीररावांनी तोच होकार धरला आणि त्याच गावात तिचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ. ताईनं मला पिशवीतून काढून मंडपातल्या स्पीकरला जोडलं.

सत्कार झाला की चार शब्द बोलायची आपली रीतच. ताई उठली, फेटा सावरला, खाली उतरली आणि मला पहिल्या रांगेतल्या, ओढ्याकाठी राहणाऱ्या अक्काताईंच्या हाती दिलं.

"माझे चार शब्द या बोलतील."

"त्ये पाणी पिऊन माझी म्हस मेली!" अक्काताई कडाडल्या. "हंबीरराव, तुमी एक तांब्या पिऊन दावा की!"

"आरं, बंद करा त्यो माईक!" हंबीरराव ओरडले.

कुणीतरी वायर ओढली.

खर्रर्र

मी बंद पडलो. अक्काताई नाही पडल्या. शेवटच्या रांगेलाही माझी गरज लागली नाही. मोबाइल वर झाले. सगळ्यात आधी दादाचा. तो कामावरून पळत आला होता. संध्याकाळी बातमी जिल्हाभर गेली.

खोली अजून नाही. चंदगडला जाणं होत नाही. तिथं काय बिघडलंय, आम्हाला कळत नाही. ते मला टोचतं. पण ओढ्याची बातमी रोज जाते, ताईच्या स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीसकट.

मित्रांनो, वायर सैल झाली तर जोडा. ती कुणी ओढलीच, तर माझी वाट बघत बसू नका. अक्काताईंसारखं मोठ्यानं सुरू करा.