मावशींचे मत

मावशींनी लॉन्ड्रीतल्या मशीनचे झाकण उघडले. काल संध्याकाळपर्यंत मास्तरांचे शर्ट पांढरे होते. आता ते फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाचे झाले होते. एकेक ओढून बाहेर काढताना तळाशी हाताला काहीतरी जाडसर लागले. काळा शर्ट. बारकीचा, त्यांच्या लेकीचा.

कपडे टाकण्याआधी रिकाम्या मशीनमध्ये हात फिरवून बघायचा, हा लॉन्ड्रीतला पहिला नियम. कामाला आलेल्या प्रत्येक बाईला मावशींनी तो ओरडून ओरडून शिकवला होता. आज सकाळी मात्र समोरचा शिंपी दारात उभा राहून निवडणूक समजावून सांगत होता आणि ऐकण्याच्या नादात हात फिरवायचा राहिला. निवडणूक तर समजली नाहीच.

खरे म्हणजे त्यांनी डोक्याला हात लावून बसायला हवे होते. पण त्या काळा शर्ट छातीशी धरून बसल्या. म्हणजे बारकी येऊन गेली होती. दुकानाची किल्ली तिच्याकडे होतीच. काल मावशी कपडे पोहोचवायला बाहेर पडल्या तेव्हा आली असणार, आणि लहानपणापासूनच्या सवयीने मळका शर्ट मशीनमध्ये टाकून निघून गेली असणार. एक फोनसुद्धा नाही. शर्टाची बाही खांद्याशी फाटली होती, कोणीतरी धरून ओढल्यासारखी. मावशींना आनंद झाला, भीती वाटली, आणि मास्तरांना आता तोंड कसे दाखवायचे या विचाराने घामही फुटला. एवढे सगळे एकदम कसे होते हे त्यांना कळेना.

मोठी निवडणूक सरकारने एकदा पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि मग ती कधी होणार हे सांगणेच सोडून दिले. पोरे काळे शर्ट घालून रस्त्यावर उतरली. पुलावर पोलिसांनी त्यांना गुरासारखे झोडपले. मास्तर म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, सरकारी पक्षाचे. एकेकाळी शाळेत गणित शिकवायचे, बारकीलाही त्यांनीच शिकवले होते. पुलावरच्या मारहाणीबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही.

"आणि तू त्यांचे शर्ट धुतेस," बारकी म्हणाली होती.

"मी सगळ्यांचेच धुते. पोट आहे ते आपलं."

"हो ना, मग धूत बस."

एवढ्यावरून पोरगी घर सोडून मैत्रिणींकडे राहायला गेली. मावशींना वाटले, दोन दिवसांत येईल. उन्हाळा संपला तरी आली नव्हती.

आता वॉर्डांची निवडणूक तेवढी सरकारने होऊ दिली होती. गटारे आणि दिव्यांसाठीची निवडणूक, तिच्यात काय बिघडणार. पण लोकांना दुसरे काही उरलेच नव्हते, त्यामुळे जो तो म्हणत होता की यातच कळेल लोक पोरांच्या बाजूने आहेत की सरकारच्या. मास्तरांच्या विरोधात पोरांकडून औषधांच्या दुकानातली काउंटरवरची मुलगी उभी होती. तिला गटारांमधले काय कळते, असे मावशी शिंप्याला विचारायच्या. शिंपी म्हणायचा, "मावशी, गटारांचा प्रश्नच नाहीये हा." मग मतपत्रिकेवर मावशींनी शिक्का नेमका कशावर मारायचा होता?

ब्लीचमध्ये दोनदा घालून झाले. राखाडी रंग जागचा हलला नाही. शेवटी मावशी ते शर्ट इस्त्री करून, मान खाली घालून मास्तरांच्या घरी गेल्या.

"चूक झाली माझी. काळं काहीतरी आत राहिलं होतं."

मास्तरांनी एक शर्ट उचलून उजेडात धरला. काळे काहीतरी कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही. "अहो वहिनी, केसांना मॅचिंग झालं की. उद्या शेवटची सभा आहे, हाच घालतो. दुसरा आहेच कुठे?"

आणि खरेच घातला. त्यांच्या पक्षात सगळे पांढऱ्या शर्टात असायचे. त्या रांगेत मास्तर एकटे राखाडी दिसल्यावर लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. कोणी म्हणाले, मास्तर पोरांना मिळाले. कोणी म्हणाले, हा सगळा दोन्हीकडची मते खायचा डाव. पक्षाने त्यांची प्रचाराची गाडी काढून घेतली. आणि शर्ट कोणी धुतले हे वॉर्डात कोणाला ठाऊक नव्हते?

"मावशी, मानलं तुम्हाला," शिंपी म्हणाला. "गप्प राहून बरोबर काम केलंत."

"अहो, चुकून झालं ते."

"हो हो, चुकूनच," म्हणत त्याने डोळा मारला.

पक्षाच्या कार्यालयातून धुवायला येणारे कपडे बंद झाले. काळ्या शर्टातली दोन अनोळखी पोरे येऊन मावशींच्या हातात हात देऊन गेली. मावशी ज्याला त्याला चुकून झाले म्हणून सांगत राहिल्या आणि जितके सांगत तितके लोक जास्त हसत.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर एवढी मोठी रांग होती की मावशींना वाटले आत काही अपघात झाला. पुढची म्हातारी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "आलं का रे?" मास्तर फाटकाबाहेर, नियमाप्रमाणे लांब, राखाडी शर्टात उभे होते. त्यांनी मावशींना नमस्कार केला. मावशींनीही केला.

आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. दुकानाला पाण्याची लाइन मास्तरांनी आणून दिली होती. नवरा शेवटच्या दुखण्यात असताना रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर मास्तरच बसले होते. दुसऱ्या बाजूला ती काउंटरवरची मुलगी, जिने फार तर डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या असतील. हिशेब अगदी सरळ होता. तरी मावशींच्या डोळ्यांपुढून ती फाटकी बाही जाईना. कोणी ओढली असेल? किती जोरात? पुलावर काय झाले हे विचारायला मास्तर एकदा तरी घरी यायला हवे होते, असे त्यांना पहिल्यांदाच वाटले, आणि भयंकर राग आला. त्यांनी मुलीच्या चिन्हावर शिक्का मारला. दाबून मारला. मग घडी घातली आणि चोरी केल्यासारख्या भराभरा घरी आल्या.

निकाल लागला तेव्हा शहरातले जवळजवळ सगळे वॉर्ड पोरांकडे गेले होते. मास्तर सपाटून पडले. रस्त्यावर अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. शिंपी रडत होता आणि आपण रडत नाही म्हणून सांगत होता. मावशींना बरे वाटले, पण आत कुठेतरी टोचतही होते. त्यांनी शटर अर्धे खाली ओढले आणि चादरींना इस्त्री करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः आले. हातात मोठे गाठोडे होते.

"वॉर्डाच्या ऑफिसचे पडदे आहेत. मी निवडून गेलो तेव्हा स्वच्छ मिळाले होते. त्या मुलीलाही तसेच मिळायला हवेत."

"बसा ना."

मास्तर स्टुलावर बसले. एका रात्रीत त्यांची मान बारीक झाल्यासारखी दिसत होती. "लोक काय वाट्टेल ते बोलतायत तुमच्याबद्दल. त्या शर्टांवरून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे."

"नव्हतंच केलं मुद्दाम."

"तेच म्हणतो मी. सगळा वॉर्ड फिरला, पण एका घराची मला खात्री होती. तेवढ्यावर काल झोप लागली मला."

मावशींनी इस्त्री उभी केली. बोलावे की बोलू नये हे ठरायच्या आत फोन वाजला. इस्त्री करताना फोन कानाला धरता येत नाही म्हणून तो टेबलावर कायम स्पीकरवरच असायचा. मावशींनी नेहमीसारखे बोटाने बटण दाबले.

"आई!" बारकीचा आवाज बसला होता. "आई, जिंकलो आपण."

"ऐकलं गं. तू बरी आहेस ना? हाताला लागलंय का?"

"काही नाही झालेलं. आई, ऐक, मी रविवारी येते. राहायलाच येते. खूप बोलायचंय." ती थांबली. "शर्टांचं कळलं मला. सगळे सांगत होते. तू खरंच... आई, तू आम्हाला दिलंस ना मत?"

फोन उचलून आतल्या खोलीत नेता आला असता. पण मास्तर समोर बसले होते. ते मावशींकडे बघत नव्हते. इतका वेळ गाठोड्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत होते, आता त्यांचे हात थांबले होते.

"आई?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "मास्तरांनाच दिलं. शर्टांचं चुकून झालं."

पलीकडे मागे पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"असू दे," बारकी म्हणाली. "तुझं मत आहे." मग म्हणाली, "रविवारचं बघते. जमलं तर."

फोन बंद झाला. मास्तर उठले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"एवढं खरं कशाला सांगितलंत तिला, वहिनी? पोरीला वाईट वाटलं असेल."

मावशींनी गाठोडे आपल्याकडे ओढून घेतले.

"पडदे परवा मिळतील," त्या म्हणाल्या.