तांदळातलं नाव

पिंकीला सूड हवा होता. आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको की पोर बिचारी साधी होती. साधीबिधी काही नव्हती. दौंडला भावाच्या शिलाईच्या दुकानात मशीनवर बसून साड्यांना पिको-फॉल करायची आणि समोर दोऱ्याच्या रिळाला मोबाईल टेकवून कोर्टाचे सिनेमे बघायची. दक्षिणेतले, हिंदीत डब केलेले. कुणाचा तरी खून झालेला असतो, भलताच माणूस पिंजऱ्यात उभा असतो आणि अगदी शेवटी असं काही निघतं की ज्यानं पाप केलं त्याचं तोंड पडतं. पिंकीला त्या खुनाशी काही देणंघेणं नसायचं. तिला ते पडलेलं तोंड बघायचं असायचं. तेवढाच भाग ती मागं नेऊन परत परत बघायची आणि पायाखाली मशीन धडधडत राहायचं.

त्या तोंडाच्या जागी तिला सत्यजीतचं तोंड दिसायचं.

सत्यजीत मांडवगण फराट्याचा. उसाचं रान, पोल्ट्रीची शेडं, चुलता गावाला कर्ज देणाऱ्या सोसायटीत. लॉकडाऊनमध्ये त्याचं पिंकीशी लग्न लागलं, वस्तीवर, घरच्या माणसांत. तेव्हा पोलीस गर्दीवर टपून होते. साखरबाईंनी, म्हणजे पिंकीच्या सासूनं, सगळ्यांना दम भरला, "फोटोबिटो काढू नगा. एखादा व्हॉट्सॲपवर गेला म्हंजी गाडी दारात यील." म्हणून फोटो नाही. पत्रिका नाही. नोंदणीचं 'नंतर बघू'. पिंकीला आई नव्हतीच आणि भाऊ सुदर्शन तर दौंडला क्वारंटाइन होऊन बसला होता. पुढच्या लाटेत पिंकीचे वडील गेले आणि लग्न लावणारे भटजीही गेले. आता ते लग्न डोळ्यांनी पाहिलेली जी माणसं उरली ती सगळी नवऱ्याच्या घरची.

एक गोष्ट मात्र रीतीप्रमाणं झाली होती. ताटात तांदूळ पसरले आणि सत्यजीतनं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. नाव साखरबाईंनी काढलेलं. "पिंकी काय नाव हाय? आमच्या शेडात तसली शंभर हाईत," असं म्हणाल्या होत्या आणि सगळे हसले होते. आधारकार्डावर पिंकीच राहिलं, पण वस्तीवर मात्र सकाळपासून सुलक्षणेचा धोशा. सुलक्षणे, डोक्यावर पदर घे. सुलक्षणे, चपला पालथ्या पडल्यात. सुलक्षणे, पाय हलवू नको. लहानपणापासून मशीन मारून पिंकीच्या पायाला खोडच लागली होती. बसली की गुडघा आपोआप हलायचा. त्यानं घरातली लक्ष्मी जाते म्हणे. साखरबाई देवाला नैवेद्य दाखवत असल्या तरी हातातलं ताट तसंच ठेवून ओरडायच्या. पिंकीला ते नाव कधी आवडलं नाही, पण ऐकून घ्यायची, कारण घर आपलं म्हणत होती.

मग एका दिवाळीला सत्यजीतनं तिला माहेरी आणून सोडलं ते न्यायला आलाच नाही. फोन उचलेना. पुढं कळलं, केंदूरच्या स्वप्नालीशी त्यानं लग्न केलं. त्या लग्नाला मात्र डीजे होता, घोडा होता, ड्रोनसुद्धा होता.

पिंकीनं शिरूरच्या कोर्टात केस घातली, बायको असताना दुसरं लग्न केलं म्हणून. सत्यजीतचं उत्तर आलं, ही बाई आमच्याकडं अंडी गोळा करायला होती, लग्न वगैरे काही झालेलं नाही. शेजारीपाजारी? सोसायटीत चुलता असलेल्या घराच्या विरोधात कोण तोंड उघडतो? सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. टाकली याचं दुःख पिंकीनं कसंतरी गिळलं असतं. पण अंडी गोळा करायला होती! त्या एका वाक्यानं तिची झोप उडाली. त्या घरच्या तोंडून, भर कोर्टात, ते सुलक्षणा नाव एकदा ऐकायचं, त्याशिवाय तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

तिची वकील अनिताबाई. शिरूरचीच, कामाला चोख, पण सिनेमाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

"पिंकी, लग्न झालं हे आपल्याला सिद्ध करायचंय. सिनेमातला तो शेवटी दार ढकलून आत येणारा साक्षीदार आपल्याकडं नाही. त्यांनी उलट साखरबाईंनाच साक्षीला आणलंय."

"आणू द्या की," पिंकी म्हणाली. "म्याडम, तुम्ही त्यांला एवढं इचारा, पिंकीशिवाय दुसऱ्या नावानं हिला हाक मारत व्हता का?"

"त्या नाहीच म्हणणार."

"म्हणू द्या. आन् मंग लगीच सोडू नगा. कायबी इचारत ऱ्हावा."

अनिताबाईंना वाटलं, पोरीच्या डोक्यात सिनेमा भरलाय. पण प्रश्न काही वावगा नव्हता, म्हणून त्यांनी तो लिहून घेतला. सिनेमे बघून पिंकीला जे उमगलं होतं ते त्यांना कुठं माहीत? पुराव्यानं साक्षीदार मोडत नाही. पाठ करून आलेला असतो तो. त्याला राग आला पाहिजे, मग पाठ केलेलं सगळं वाहून जातं.

तारखेच्या दिवशी साखरबाई नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून आल्या. सत्यजीत इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागच्या बाकावर स्वप्नाली, तिला बहुतेक हेच सांगितलं असणार की कामावरून काढलेली बाई पैसे उकळायला बघतेय. पिंकी पुढच्या बाकावर बसली, पिंजऱ्यातून नीट दिसेल अशी. पायात मुद्दाम कडक तळाच्या चपला घातल्या होत्या.

"या बाईंना ओळखता?" अनिताबाईंनी विचारलं.

"वळखती की. पोल्ट्रीवर कामाला व्हती."

"तिला काय नावानं हाक मारायचात?"

"पिंकी."

"दुसऱ्या कुठल्या नावानं?"

"न्हाई. कामाच्या बाईला किती नावं असत्यात?"

सत्यजीतचा वकील गालात हसला. सत्यजीतही हसला. पिंकीनं ते हसू बघून घेतलं आणि पायावर पाय टाकला.

अनिताबाईंनी शेडाचं विचारायला घेतलं. कामाला किती बायका होत्या, कुठं राहायच्या, जेवायला कुठं असायच्या. साखरबाई पढवल्यासारखी धडाधड उत्तरं देत होत्या. मग पिंकीचा पाय हलायला लागला. आधी नुसता अंगठा, मग पाऊल. साखरबाईंची नजर खाली आली. त्यांनी ती वर नेली, जज्जसाहेबांकडं बघितलं, पण नजर परत खाली आली. पिंकीनं पाय खाली टेकवून गुडघ्यालाही वेग दिला. चपलेचा तळ फरशीला लागून टपटप वाजू लागला.

"या बाई जेवायला कुठं असायच्या?"

"शेडात... म्हंजी... शेडातच." साखरबाईंनी पिंजऱ्याची कड घट्ट धरली. ओठ आत ओढले. पिंकी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती आणि पाय असा हलवत होती, जणू सगळ्या मांडवगणातली लक्ष्मी आज हाकलूनच देणार.

"आणि झोपायला?"

"झोपायला बी... सुलक्षणे, पाय थांबव!"

अनिताबाई वळून पिंकीकडं बघायला लागल्या. साहेबांनी मान वर केली. साखरबाईंना अजूनही काय झालं ते कळलं नव्हतं, राग नाकाच्या शेंड्यावर होता.

"काय म्हणालात तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"मंग काय म्हणू सायेब? घरची सून कोर्टात पाय हलवत बसती, आन् म्या बगत ऱ्हावं व्हय? किती येळा सांगितलं हिला..."

आणि मग कळलं. पदर तोंडाशी गेला, पण बोललेलं काही परत आत जाईना.

अनिताबाई सावरल्या. शेवटी वकीलच त्या. "सुलक्षणा हे नाव हिला कुणी ठेवलं?"

साखरबाईंनी लेकाकडं बघितलं. तो मान हलवत होता. साहेब म्हणाले, "तिकडं बघू नका. शपथ घेतलीय तुम्ही. उत्तर द्या."

"म्या काढलं," त्या पुटपुटल्या.

"आणि तांदळात कुणी लिहिलं?"

साखरबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "सत्यजीतनं."

टाइप करणाऱ्या पोरीनं ते टाइप केलं.

पिंकीनं सत्यजीतचं तोंड बघितलं. सिनेमात ते हळूहळू पडतं, संगीत वाजतं. इथं कसलं संगीत! घशात भाकरीचा तुकडा अडकल्यासारखा तो नुसता आ वासून बसला होता, आणि मागच्या बाकावरची स्वप्नाली पर्स उचलून, कुणाकडं न बघता बाहेर गेली. तेही त्यानं बघितलं. पिंकीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. एवढंच वाईट वाटलं की हे मागं नेऊन पुन्हा बघता येणार नव्हतं.

निकाल लागायला अजून तारखा पडणार होत्या. अनिताबाई बाहेर आल्यावर तेच समजावत होत्या, वरच्या कोर्टाचंही सांगत होत्या, पण मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "तो सिनेमा कुठला गं?"

तेवढ्यात साखरबाई समोर आल्या. एकट्याच. लेक त्यांना सोडून स्वप्नालीच्या मागं पळाला होता.

"सुलक्षणे, मुद्दाम पाय हलवलास तू."

"व्हय, आत्याबाई."

"घराची अब्रू घालवलीस."

"तुम्ही मला अंडी गोळा करायला ठिवलं व्हतं ना? मंग कसली अब्रू? कामाच्या बाईनं पाय हलवला तर मालकिणीची लक्ष्मी जाती व्हय?"

साखरबाईंचा हात पुढं आला, का कोण जाणे, धरायला की मारायला. पिंकी मागं सरकली.

"ते सुलक्षणा नाव तुमचं तुम्हालाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं, ऐकलं. आता तिसरी आणाल तिला द्या. माझं नाव पिंकी हाय."

मग ती कोर्टाच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसली, साखरबाईंना दिसेल अशी, आणि एस्टीची वेळ होईपर्यंत पायावर पाय टाकून हलवत राहिली.